फोटो एडिट करावा की जसा आला तसाच ठेवावा?

ओहोटी (धागाकर्ती), रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. दिवाळीनंतर फोर्टात बोरा बाजारात फिरून एक सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत ७०-३०० ची लेन्स, लांबचं जवळ आणणारी. तेव्हापासून दर रविवारी कुठे ना कुठे जाते.

गेल्या रविवारी शिवडीला गेले. उजाडता उजाडता जेट्टीवर पोचले. पाणी ओसरलेलं, चिखल लांबवर उघडा पडलेला आणि त्याच्या पार टोकाला फ्लेमिंगोंची रांग. चेंबूरला तीस वर्षं राहते, शिवडी हाकेच्या अंतरावर, आणि हे मी पहिल्यांदा पाहत होते. खूप वेळ कॅमेरा खाली ठेवून नुसती बघत राहिले. नंतर काढलेल्या फोटोंत मात्र सगळं राखाडी. पक्षी काळपट, पाणी पांढरट, मागचं सगळं धुरकट. मी रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो) दोन्ही साठवते. घरी येऊन रॉ फाइल उघडली तर ती जेपेगपेक्षाही मरगळलेली.

मग दोन तास बसले. सावल्या उचलल्या, धुरकटपणा कमी केला, गुलाबी रंग चढवला, कडा कापून पक्षी जवळ आणले. मला तो फोटो आवडला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आमच्याकडचे एक काका वर्षानुवर्षं फोटो काढतात, त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "एडिट केलेला दिसतोय. मग यात तुझं काय?"

आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. खरंच, एडिट केलेला फोटो माझा राहतो का? आणि रॉ फाइल जेपेगपेक्षा वाईट का दिसते? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

सकाळची लोकल, रविवार, रात्री १०:१५

ओहोटी, स्वागत. मी एडिट न करणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे माझी बाजू आधी मांडतो.

नऊ वर्षं बदलापूर ते सीएसएमटी जातायेता फोटो काढतोय. ३५ ची एकच लेन्स, जेपेग, संपलं. दाराशी उभ्या माणसाच्या तोंडावर कुर्ल्याच्या आधी अर्धा सेकंद ऊन पडतं. ते मिळालं तर मिळालं. सुरुवातीला मीही रॉ काढायचो. महिन्याला दोन हजार फाइली व्हायच्या आणि प्रत्येक फोटो काढताना मनात एकच, नंतर बघू. चौकट तिरकी? नंतर बघू. कोपऱ्यात कुणाची पिशवी आली? नंतर कापू. वर्षभराने लक्षात आलं की मी बघायचंच थांबवलंय. सगळं काम रात्रीच्या मीवर ढकललेलं आणि रात्रीचा मी दमलेला.

ज्या दिवशी रॉ बंद केलं त्या दिवसापासून डोळा जागा झाला. आता बटण दाबायच्या आधी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरते. तुमच्या काकांची बोलायची पद्धत चुकली, पण त्यांच्या म्हणण्यात काहीच नाही असं मला वाटत नाही.

मीठभाकर, रविवार, रात्री १०:३१

लोकल यांना +१. "नंतर बघू" हा रोग मलाही आहे.

चौकट, रविवार, रात्री ११:५०

"जसा आला तसा" म्हणजे कसा आला, ते आधी पाहू.

कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो, त्याला रंग कळत नाही. कुठे किती प्रकाश पडला एवढंच कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत गाळणी बसवलेली असते. चार ठिपक्यांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. म्हणजे तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा असेल तर त्यात लाल रंग मोजणारे ठिपके फक्त ६० लाख. उरलेल्या १ कोटी ८० लाख जागी लाल किती असावा हे शेजारच्या ठिपक्यांकडे बघून गणिताने भरलेलं असतं. फोटोतला दोन तृतीयांश रंग हा असा अंदाज आहे, तुम्ही काहीही करायच्या आधीच.

पुढे बघा. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये अंधारापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या एकमेकींत मिसळायच्या, हे कुणीतरी ठरवलंच पाहिजे. जेपेग काढता तेव्हा ते कॅमेऱ्यातली चिप ठरवते. कॉन्ट्रास्ट वाढवते, रंग चढवते, कडा धारदार करते, धूसर दाणे पुसते आणि मूळ मोजमाप टाकून देते. मेनूत "व्हिव्हिड", "न्यूट्रल", "पोर्ट्रेट" लिहिलेलं असतं ना, ते एडिटिंगच आहे. करणारा कारखान्यात बसला होता आणि त्याने शिवडी पाहिलेली नाही.

रॉ मरगळलेली दिसते ती यामुळे. ती अजून शिजलेली नाही. तिला जेपेगच्या शेजारी ठेवून वाईट म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

सकाळची लोकल, सोमवार, सकाळी ७:०८

चौकट, तांत्रिक भाग मान्य. पण पिठाची गिरणी दुसऱ्याची आहे म्हणून भाकरी माझी नाही असं होत नाही. कॅमेरा कसा रंग देतो हे मला आता पाठ झालंय. त्या रंगाचा अंदाज घेऊनच मी उभा राहतो. माझा मुद्दा निर्णय कधी घ्यायचा एवढाच आहे. मी तो प्रसंग समोर असताना घेतो, प्रसंग गेल्यावर घेत नाही.

लालदिवा, सोमवार, दुपारी ३:२०

दोघांचंही वाचलं. आता म्हाताऱ्याचं ऐका.

मी गिरगावातल्या एका स्टुडिओत बावीस वर्षं काळोख्या खोलीत होतो. गिऱ्हाईक आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे रोल आणून द्यायचं, रोलमागे बारा फोटो. कागद बहुतेक वेळा उटीच्या कारखान्याचा, इंदू. लाल दिव्याखाली आधी कागदाची एक चिंचोळी पट्टी काढायची, तिच्यावर तीन, सहा, नऊ, बारा सेकंद असा टप्प्याटप्प्याने प्रकाश द्यायचा आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, बुडवून बघायचं की हा फोटो किती सेकंदांचा आहे. नंतर कागदाचा ग्रेड ठरवायचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक किती ठळक हवा ते. फिक्या नेगेटिव्हला हार्ड कागद, कडक नेगेटिव्हला सॉफ्ट. मग खरं काम. नवरीचा चेहरा काळा पडतोय? तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावलेली असायची, ती एन्लार्जरच्या (नेगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) प्रकाशात चेहऱ्यावर धरून हलवत राहायचं, म्हणजे तिथे प्रकाश कमी पोचतो आणि चेहरा उजळतो. मागची भिंत फार पांढरी? दोन्ही हातांचा द्रोण करून बाकी सगळं झाकायचं आणि भिंतीला चार सेकंद जास्त द्यायचे. हात थांबला की कडेला रेघ दिसायची, म्हणून हात सतत हलता. एका चांगल्या प्रिंटसाठी चार-पाच कागद वाया जायचे आणि मालक कागद मोजायचा.

आमच्याकडे कुणी येऊन "एडिट केलाय का" असं कधी विचारलं नाही. न केलेला फोटो आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देतच नव्हतो.

अमेरिकेचे अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आधी पियानो शिकलेले. ते नेगेटिव्हला लिहिलेल्या स्वरलिपीची उपमा द्यायचे आणि प्रिंटला वादनाची. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्यांचा १९४१ चा फोटो आहे. त्याच नेगेटिव्हवरून पुढची कित्येक वर्षं ते प्रिंट काढत राहिले आणि आकाश काळंभोर होत गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बंदिश तीच, मैफल निराळी.

ओहोटी, तुम्ही केलंत ते आमच्या खोलीत रोज व्हायचं. काकांना सांगा, हवं तर माझं नाव घेऊन.

ओहोटी, सोमवार, रात्री ८:५५

लालदिवा काका, काय लिहिलंय तुम्ही! पुठ्ठ्याच्या चकतीचं वाचून मी आज ऑफिसातून येताना सारखी आपल्या हातांकडे बघत होते. मनापासून आभार. चौकट यांचेही, रॉ फाइलचा राग गेला.

पाणपक्षी, सोमवार, रात्री ११:१२

मला थोडं वेगळं बोलायचं आहे आणि ओहोटीताईंनी राग मानू नये.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. उजवीकडचे सहा-सात पक्षी आकाराने बारके आहेत आणि त्यांच्या पायांचाही रंग राखट असणार. ती पिल्लं आहेत, म्हणजे लहान वयाचे पक्षी. फ्लेमिंगो गुलाबी जन्मत नाही. खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून कॅरोटिनॉइड नावाचं रंगद्रव्य मिळतं, ते पिसांत उतरतं, आणि त्याला काही वर्षं लागतात. तोवर पक्षी मळकट राखाडी-तपकिरी असतो. तुम्ही गुलाबी सरसकट चढवलात, त्यात ही पिल्लंही गुलाबी झाली. बघणाऱ्याला वाटेल की थव्यात सगळे मोठेच आहेत.

आमच्यासारख्यांना हे फार लागतं. थव्यात पिल्लं किती आहेत यावरून बरंच कळतं. आपल्याकडे मोठा आणि छोटा असे दोन्ही फ्लेमिंगो येतात. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद, लांबून काळपटच वाटते. चोचीचा रंग बदलला की पक्ष्याची जात बदलली. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. यामागे लोकांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी आहेत आणि त्यांत हौशी लोकांचे फोटो खूप उपयोगी पडतात. म्हणून हात जोडून सांगतो, पक्ष्याच्या रंगाला हात लावू नका.

मग रंग नीट करायचाच नाही का? जरूर करा. त्याच फोटोत डाव्या कोपऱ्यात बगळा आहे. उन्हातला बगळा पांढरा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. व्हाइट बॅलन्सचा (पांढरं कुठलं ते सॉफ्टवेअरला सांगणारा) ठिपका त्याच्या उन्हाकडच्या पिसांवर ठेवा, सावलीतल्या पिसांवर नको, ती आकाशामुळे निळसर असतात. बगळा पांढरा झाला की फ्लेमिंगो आपोआप जेवढा गुलाबी असायला हवा तेवढाच होईल.

आता तुमच्या राखाडीपणाचं खरं कारण. शिवडी खाडीच्या पश्चिम काठावर आहे. सकाळी तुम्ही पूर्वेकडे तोंड करून उभ्या, म्हणजे सूर्य थेट समोर. पक्ष्यांची सावलीची बाजू तुमच्याकडे. शिवडीला दुपारनंतर जा, ऊन पाठीमागून येतं. सकाळच हवी असेल तर पलीकडचा काठ, ऐरोली. शिवाय तुम्ही गेलात तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला पक्षी पाण्यामागे लांब जातात आणि मधल्या हवेत धूर, बाष्प, उन्हाच्या लहरी. ती हवा कुठल्याही स्लायडरने जात नाही, नुसता खोटा काळेपणा येतो. भरतीचं पाणी चढायला लागलं की तेच पक्षी सरकत सरकत काठाशी येतात. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघा. दोन तासांच्या एडिटिंगचं निम्मं काम तिथेच होतं.

सकाळची लोकल, मंगळवार, सकाळी ७:०२

पाणपक्षी, शंभर टक्के अनुमोदन. मला जे सांगता येत नव्हतं ते हे. आधी काठ बदला.

ओहोटी, मंगळवार, दुपारी १:३०

राग कसला, उलट लाज वाटली. त्या पिल्लांना मी "रंग नीट न आलेले पक्षी" समजून मुद्दाम जास्त गुलाबी केलं होतं. फोटो ग्रुपवरून काढून टाकला. बगळ्यावरून रंग लावून पुन्हा करते.

बारा आणे, मंगळवार, रात्री १०:४०

माझ्याकडे फक्त फोन आहे, म्हणून बोलू की नको असं झालं होतं. पण "खरा रंग" या शब्दावर अडलोय.

मरीन ड्राइव्हचा खरा रंग कोणता? लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिलेला हार सोडियमच्या दिव्यांचा, पिवळाजर्द. २०१५ मध्ये पांढरे एलईडी लागले तेव्हा केवढी ओरड झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, पुढे पुन्हा पिवळसर प्रकाश आला. आता मी नरिमन पॉइंटवरून फोटो काढला की फोन तो पिवळेपणा स्वतःच पुसतो, कारण त्याला वाटतं पांढरं ते पांढरंच दिसलं पाहिजे. मी पुन्हा पिवळा चढवतो. हे एडिट की दुरुस्ती? माझ्या डोळ्याला तिथे पिवळंच दिसत होतं.

आणि फोनमध्ये "न केलेला" फोटो मिळतो तरी का? रात्री एकदा बटण दाबलं की तो सात-आठ फोटो काढून एकमेकांवर चिकटवतो. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनवरून जगभर चर्चा झाली. कुणीतरी चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र पडद्यावर लावून फोनने त्याचा फोटो काढला, तर फोनने चित्रात नसलेले खड्डे आणि डाग आपणहून भरले. ते मी केलं नाही, मला विचारलंही नाही.

चौकट, बुधवार, रात्री १२:२०

बारा आणे, फार मोलाचं बोललात. फोन आहे म्हणून मागे राहू नका.

मी एका दैनिकाच्या फोटो विभागात बरीच वर्षं होतो, तिथला अनुभव सांगतो. आमचा नियम साधा होता. उजेड कमीजास्त करा, कडा कापा, रंगाची झाक काढा. चौकटीतली वस्तू उचलायची नाही, बाहेरची आत आणायची नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिकने मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. फोटोशॉप यायला तेव्हा अजून आठ वर्षं होती, आणि त्या मुखपृष्ठाचं उदाहरण आजही दिलं जातं. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्यांतले जवळपास पाचवा हिस्सा फोटो मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या बाहेरच्या फोटोग्राफरांना कळवलं की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातलं जेपेगच पाठवा.

म्हणजे लोकल यांचा नियम जगातल्या मोठ्या वृत्तसंस्थेचाही आहे. पण तो बातमीला आहे. बातमीच्या फोटोखाली "असं घडलं" हे न लिहिताही लिहिलेलं असतं. हौशी माणसाने भिंतीवर लावायला काढलेल्या फोटोला तोच नियम का लागावा, हे मला पटत नाही. फक्त बघणाऱ्याला फसवू नये. मागच्या पावसाळ्यात वरळी सीफेसच्या लाटेचा एक फोटो सगळीकडे फिरत होता, मागे भगवं-जांभळं आकाश. लाटेच्या पाण्यात त्या रंगाचा थेंबही नाही, कठड्यावरच्या ओलीत प्रतिबिंब राखाडी. आकाश बाहेरून चिकटवलेलं. खाली शेकडो लोक लिहितायत, "मुंबईचा पाऊस असा दिसतो." नाही दिसत. तो राखाडी दिसतो, आणि त्या राखाडीत किती छटा असतात हे बघायला डोळे लागतात.

लालदिवा, बुधवार, सकाळी ११:०५

आकाश चिकटवणं नवं नाही हो. जुन्या काचांवरच्या नेगेटिव्हला निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळे जमिनीवर नीट फोटो आला की आकाश कोरं पांढरं. फ्रान्सचे गुस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्राचा एक आणि ढगांचा एक अशा दोन नेगेटिव्हवरून एक प्रिंट काढत. आपल्या मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, त्या काळातली ही गोष्ट.

पण चौकट, तुमचं म्हणणं रास्त आहे. ल ग्रे यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. वरळीवाल्याकडे होता.

जात्यावर, बुधवार, रात्री ११:३६

फोटोग्राफीतलं मला काही कळत नाही. पण तीन दिवस हा धागा वाचते आहे आणि लिहावंसं वाटलं.

आई गेली त्याला आता दोन महिने होतील. दहाव्याला फ्रेम हवी म्हणून भाच्याच्या लग्नातला एक फोटो घाईघाईने एका स्टुडिओत दिला. फोनवरच काढलेला होता, घोळक्यातून आईचा चेहरा तेवढा कापून घ्यायचा होता. दुसऱ्या दिवशी फ्रेम आली. आई गोरी. गाल गुळगुळीत, कपाळावर एक आठी नाही. आणि हनुवटीवरचं गोंदण नाही. पाच हिरवट ठिपके होते तिच्या हनुवटीवर, लहानपणी माहेरी गोंदवलेले. स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, डाग काढून टाकले, जास्तीचे पैसे नाही घेतले."

दहाव्याला तीच फ्रेम ठेवली, वेळच नव्हता. लोक नमस्कार करत होते आणि मी मनात म्हणत होते, ही कोण बाई आहे. आई सावळी होती. आयुष्यभर तिला त्यावरून ऐकवलं गेलं, लग्नात ऐकवलं, माझ्या बारशाला ऐकवलं. शेवटी फोटोतही तिला तिच्या रंगात राहू दिलं नाही.

फ्रेम कपाटात आहे. भिंतीवर लावायचा धीर होत नाही.

मीठभाकर, बुधवार, रात्री ११:५८

ताई, वाचून गलबललं. काय बोलावं कळत नाही.

लालदिवा, गुरुवार, पहाटे ५:१०

झोप लागली नाही म्हणून लिहितो.

परवा मी काळोख्या खोलीचं मोठ्या अभिमानाने लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. आमच्या स्टुडिओत खिडकीपाशी एक तिरकं टेबल होतं, त्यात दुधी काच आणि तिच्यामागे आरसा. त्या काचेवर नेगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलने टचिंग करायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग नेगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपका असतो. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये डाग जातो. मुरमं, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. आणि गोंदण. गोंदण तर सगळ्यात सोपं, पाच ठिपके, पाच टोके. स्थळाकरता फोटो काढायला मुली यायच्या, सोबत आई किंवा मावशी. त्या हळूच सांगायच्या, "जरा उजळ करा." मी करायचो. छान हात होता माझा, नाव होतं. किती जणींची गोंदणं मी पुसली असतील याची मोजदाद नाही. तेव्हा वाटायचं, आपण उपकार करतोय.

ओहोटीताईंना मी लिहिलं की तुम्ही केलंत ते आमच्याकडे रोज व्हायचं. ते खरं आहे, पण त्यात हेही होतं.

जात्यावर ताई, भाच्याकडे मूळ फोटो असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नको, तो दाबून लहान केलेला असतो. ज्या फोनवर काढला त्याच फोनमधली फाइल, ईमेलने किंवा केबलने घ्या. लग्नातले इतरही फोटो मागा, आई कडेला कुठे असेल तरी चालेल. मला पाठवा. चौकट मदतीला असतील तर बरं, माझे डोळे आता पूर्वीचे नाहीत.

चौकट, गुरुवार, सकाळी ९:१५

काका, मी आहे. ताई, एक बघून ठेवा. बऱ्याच फोनांत "ब्युटी" म्हणून सोय आपोआप चालू असते आणि ती फोटो काढतानाच त्वचा गुळगुळीत करते. तशी चालू असेल तर मूळ फाइलमध्येही गोंदण पुसट झालेलं असेल. म्हणूनच जास्त फोटो हवेत, शक्यतो वेगवेगळ्या फोनांवरचे.

सकाळची लोकल, गुरुवार, रात्री ८:४५

आज गाडीत कॅमेरा काढलाच नाही. जात्यावर ताईंचं डोक्यात होतं. मी एडिट करत नाही म्हणून माझे फोटो खरे, असं मी धरून चाललो होतो. माझ्या कॅमेऱ्यात पहिल्या दिवसापासून "पोर्ट्रेट" लावलेलं आहे, ते काय करतं हे कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. कातडीचा रंग मऊ आणि उजळ करतं. आता "न्यूट्रल" केलं. जेपेग सोडणार नाही, पण कारखान्याने काय ठरवून दिलंय हे तरी माहीत हवं.

ओहोटी, तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:२०

आज ऐरोलीहून आले. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून सकाळची बोट घेतली, पाणी चढत होतं, ऊन पाठीशी. पक्षी एवढे जवळ की ७०-३०० च्या लेन्समध्ये मावत नव्हते. रॉ फाइलींवर फार तर दहा मिनिटं गेली. बगळ्यावरून रंग लावला, उजेड थोडा वाढवला, डावीकडची रिकामी जागा कापली. पिल्लं राखाडी आहेत, तशीच ठेवली. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे, शिकायला वेळ लागतो पण मजा येते. रात्री दिवे मालवून एडिट करत होते तर सगळं जास्त उजळ वाटायचं, सकाळी बघितलं की फोटो काळपट. आता दिवसाउजेडी बसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघूनच टाकते.

सोसायटीच्या काकांना शिवडीचे दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, जुना गुलाबी आणि नवा. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, बगळ्यावरून रंग कसा लावतात. पुढच्या रविवारी ते सोबत येणार आहेत.

जात्यावर, सोमवार, दुपारी ४:०५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

भाच्याच्या फोनात "ब्युटी" चालू होतं, चौकट यांनी म्हटलं तसंच. पण वरातीत नवरीच्या मामाने काढलेला एक फोटो मिळाला, त्यात आई बाजूला बसून पान लावते आहे, मान थोडी वर केलेली. गोंदण स्वच्छ दिसतं. लालदिवा काका आणि चौकट यांनी त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. काकांनी मला फोनवर सगळं सांगून केलं. मंडपाच्या पिवळ्या दिव्याची झाक काढली, डोळ्यांवर पदराची सावली होती ती थोडी उचलली, मागे कुणाचा हात आला होता तेवढा भाग कापला. चेहऱ्याच्या रंगाला हात लावला नाही. नंतर मी विचारलं की रंग बरोबर आला हे कसं समजायचं, तर म्हणाले, तिची पातळं असतील ना घरात, त्यातलं हेच पातळ शोधा आणि पडद्याशेजारी धरा. पातळ सापडलं. जुळलं.

बारा बाय अठराची मॅट प्रिंट काढली. फ्रेमवाल्याकडे दिली तेव्हा त्याच्या पोराने विचारलं, "हनुवटीवरचं काढून देऊ का?" मी म्हटलं, नको.

काल हॉलमध्ये लावली.

लालदिवा, सोमवार, संध्याकाळी ६:३०

मॅट घेतलीत ते बरं केलंत, ट्यूबलाइटची तिरीप येणार नाही. थेट ऊन पडेल अशा भिंतीवर मात्र ठेवू नका, रंग उडतो. आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.